दांडा वजा

सावद्याला मी मापाडी आहे, एकवीस वर्षं.
घड काट्यावर चढतो, मी आकडा बोलतो,
आणि मागोमाग पाठ झालेले दोन शब्द:
दांडा वजा.
ज्यानं सगळा घड धरून ठेवला
त्याचे पैसे कोणी देत नाही.

गोदामाची किल्ली घरात खिळ्याला असते.
रविवारी काटा बंद.
सोमवारी त्याच्यावरच्या धुळीत अनवाणी पावलं दिसायची,
टाचा पुसट, बोटं ठळक,
जणू उभं राहणारं माणूस
जमेल तितकं वर उचललेलं.
मी फडकं मारायचो.
वाटायचं, पोरं खेळतात.

जागृती पडली नाही.
खो मिळाला, उठली, तीन पावलं धावली
आणि नडगी धरून मैदानात बसली.
सर म्हणाले, मुरगळला असेल.
मुरगळला नव्हता.

जळगावला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी?
बायकोनं माझ्याकडे पाहिलं,
मी खताच्या कंपनीच्या कॅलेंडरकडे.
"आठ महिने," जागृती म्हणाली, भिंतीला.
आठ महिने एका घरात,
एका मोरीत, एका दोरीवर कपडे,
आणि आम्हाला माहीत नाही.

मग ते मशीन. हळू घरघरत तिच्यावरून गेलं.
पडद्यावर मणके आले
पहाटे तापीवर असतं तसल्या धुक्यातले.
बाई म्हणाल्या, सोळाव्या वर्षी हाड भरत असतं.
कागदावर त्यांनी एक चढती रेघ काढली.
ती मला कळली नाही.

केळीचं कळतं.
घड दिसतो उशिरा,
पण किती फण्या, ते आधीच ठरलेलं असतं
खोडाच्या आत, कोणाला न दिसता.
त्या दिवसांत पाणी तुटलं
तर नंतर सोडलेलं पाणी पानांवर दिसतं,
फण्या वाढत नाहीत.

"मग आता?" मी विचारलं.
बाई लगेच बोलल्या नाहीत, ते मला बरं वाटलं.
"सगळं नाही. पण बरंच. अजून दिवस आहेत.
गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी होत नसतं.
आधी जेवण, मग पाळी, मग हाड."
मनाच्या डॉक्टरांचंही नाव लिहून दिलं.
ती चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवली,
वरच्या, बटण असलेल्या.

गोदामामागे वहीच्या कागदात बांधलेले
कळण्याच्या भाकरीचे तुकडे सापडले,
भूमितीच्या वहीचा कागद.
मुंग्यांनी बरेचसे नेले होते.
मी तिला काही म्हटलं नाही.
रागावायचं होतं. कोणावर, ते ठरेना.

त्या रात्री बायकोनं बिबडी भाजली
आणि ताटात मोडली.
कड्!
आम्ही तिघं थांबलो.
नंतर कितीतरी दिवस ती बिबड्या
स्वयंपाकघरातच, पदराखाली मोडून आणायची.

आता मी दुपारी घरी येतो.
जागृती जेवते, मी समोर बसतो.
अर्ध्या भाकरीला पाऊण तास.
घास कुठे अडतो ते मानेवरून दिसतं.
कधी म्हणते, "मले भूक नही, बाबा."
कधी नुसती रडते, आणि खाते.
आकडा माझ्या जिभेवर येतो,
आयुष्यभराची सवय,
मी तो गिळतो.
किल्ली माझ्या करगोट्याला आहे.

काल मी काट्यावर आकडा बोललो
आणि पुढचं बोललोच नाही.
व्यापारी म्हणाला, भंगाळे, दांडा?
म्हटलं, हो. वजा.
फण्या कापून झाल्या,
ढिगातला एक दांडा उचलून
सायकलच्या कॅरिअरला लावला.
का, ते मलाही माहीत नाही.

"हा कशाले आणला?" जागृतीनं विचारलं.
पँटवर चिकाचे डाग पडले होते.
मी म्हटलं, धरून पाहा.

तिनं एका हातानं घेतला.
मग दुसरा हात लावला.